अनुभव : निरंक

सकाळचे साडेआठ. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीलगतच्या सभागृहाचं फाटक अजून बंद आहे आणि रांग त्र्यंबक रोडच्या पदपथापर्यंत आली आहे. बहुतेक सगळे विशी-पंचविशीतले. पाठीला सॅक, हातात प्लास्टिकचं फोल्डर, फोल्डरमध्ये मार्कशीट, आधारच्या झेरॉक्स, पासपोर्ट फोटोंचं पाकीट. सुरगाण्याची दोन मुलं पहाटेच्या एसटीने निघालीत. सिन्नरचे तिघे एकाच दुचाकीवर आलेत. येवल्याच्या एका मुलीसोबत तिचे वडील आहेत. ते रांगेबाहेर, झाडाखाली, तिची पाण्याची बाटली धरून उभे आहेत. रस्त्यावरून पहिल्या पाळीच्या कामगारांना पोचवून आलेल्या कंपन्यांच्या बसगाड्या रिकाम्या परत चालल्यात. रांगेतली मुलं प्रत्येक बसवरचं नाव वाचतात.

फाटकाला क्यूआर कोडचा कागद चिकटवलाय. रोजगार मेळाव्यासाठी महास्वयमच्या संकेतस्थळावर नाव नोंदवायचं, मग टोकन मिळणार. ओटीपी येत नाही. एका मुलाचा मोबाइल वडिलांच्या नावावर आहे आणि आधारला जोडलेला नंबर आईकडे आहे, आई शेतात आहे. तो पुन्हा पुन्हा फोन लावतोय. मागच्या मुलांनी त्याची जागा धरून ठेवलीय, कुणी कुरकुर करत नाही.

आत एका भिंतीला कंपन्यांचे काउंटर मांडलेत. प्रत्येकामागे फ्लेक्स, त्यावर पदांची यादी : अप्रेंटिस, ऑपरेटर, वेल्डर, हेल्पर, सुरक्षारक्षक, डिलिव्हरी, विमा सल्लागार. सभागृहाबाहेरच्या मोठ्या फलकावर या सगळ्यांची बेरीज करून एक भला मोठा आकडा लिहिलाय. त्या आकड्यात किती जागा पगाराच्या, किती विद्यावेतनाच्या आणि किती निव्वळ कमिशनच्या, याची फोड तिथे असायला हवी होती. विमा सल्लागाराच्या काउंटरवर 'जागा अमर्याद' असं लिहिलंय. दोनशे रुपये भाडं खर्चून आलेल्या मुलाला तो आकडा वाचून जे वाटतं, त्याची जबाबदारी कुणीतरी घ्यायला पाहिजे.

माझं टेबल कोपऱ्यात, खिडकीखाली. 'बायोडाटा मार्गदर्शन' अशी पाटी, एक लॅपटॉप, एक प्रिंटर, कागदांचा गठ्ठा. कारखान्याच्या पर्सनल खात्यात बरीच वर्षं काढली असल्याने आयोजकांनी मला इथे बसवलंय. पहिले कागद यायला लागतात आणि पहिल्या अर्ध्या तासातच एक गोष्ट लक्षात येते. सगळे बायोडाटा जवळपास एकच आहेत. वर इंग्रजीत ध्येय : आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या आणि स्वतःच्या प्रगतीला हातभार लावणे. मग शिक्षणाचा तक्ता. मग छंद : क्रिकेट, गाणी ऐकणे, प्रवास. मग वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती. शेवटी वरील माहिती खरी असल्याची प्रतिज्ञा. निफाड तालुक्यातल्या तीन मुलांच्या कागदांवर एकाच शब्दाचं एकच चुकीचं स्पेलिंग आहे. तालुक्याच्या ठिकाणचं सायबर कॅफे, तिथली एक जुनी फाइल, नाव बदलून प्रिंट. या मुलांचा त्यात दोष नाही. त्यांना कुणी शिकवलेलंच नाही की हा कागद काय करण्यासाठी असतो. तीन वर्षं बी.कॉम. झालं, दोन वर्षं आयटीआय झालं, त्यात एक तास कुणी या कागदावर घालवला नाही.

आणि जवळजवळ प्रत्येक कागदावर अनुभवाच्या रकान्यात 'फ्रेशर' किंवा 'निरंक'.

समोर लासलगावकडची मुलगी बसलीय. बी.कॉम., टॅली, एमएस-सीआयटी. अनुभव : निरंक.

"कॉलेज संपून दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत काय केलंस?"

"काही नाही मॅडम. घरीच."

"रोज घरीच?"

"म्हणजे मामांच्या खळ्यावर बसते. कांद्याचं खळं आहे त्यांचं. तिथं लिहायला कोणी नाही म्हणून."

"काय लिहितेस?"

ती थोडी बुजते, मग सांगायला लागते. लिलाव झाला की ट्रॅक्टर खळ्यावर येतो. भरल्या ट्रॅक्टरचं वजन, मग माल उतरवून रिकाम्याचं. वजाबाकी करून क्विंटल काढायचे, लिलावाचा भाव लावायचा, हमाली-तोलाई वेगळी धरायची, शेतकऱ्याची हिशोबपट्टी करायची. कुणाला रोख, कुणाला चेक, कुणाच्या खात्यावर. संध्याकाळी पट्ट्यांची बेरीज आणि बँकेचा मेळ. सीझनला दिवसाला शंभरच्या वर पट्ट्या होतात.

"चुकतं का कधी?"

"चुकलं तर शेतकरी तिथंच उभा असतो ना मॅडम. तो बोटावर मोजून सांगतो. चुकून चालतच नाही."

हे सगळं तिच्या कागदावर नाही. मामा पगार देत नाहीत, म्हणून ते काम नाही, असं तिने धरलंय. मी ध्येयाचा परिच्छेद काढून टाकते, धर्म आणि वैवाहिक स्थिती काढून टाकते. त्या जागी चार ओळी : कांदा व्यापाऱ्याकडे दोन वर्षं हिशोबाचं काम, हंगामात रोज शंभरहून अधिक हिशोबपट्ट्या, रोख आणि बँक व्यवहारांचा रोजचा मेळ, टॅलीत नोंदी. ती स्क्रीनकडे बघते आणि विचारते, "हे लिहिलं तर चालतं?"

"तू केलंयस ना?"

"हो."

"मग लिहायचंच."

प्रिंट घेऊन ती हिशोबनीस हवा असलेल्या काउंटरकडे जाते. मी पाहत राहत नाही, कारण पुढचा मुलगा बसलेला आहे. सुरगाण्याचा, वेल्डर ट्रेडचा आयटीआय. तोही निरंक. द्राक्षछाटणीला दिंडोरीत जातो, एवढंच सांगतो. बराच वेळ विचारल्यावर कळतं की गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात दीड वर्ष गेट आणि शेडच्या कैच्या जोडल्यात त्याने. खालून वर वेल्डिंग मारता येतं का, विचारल्यावर त्याचा चेहरा पहिल्यांदा मोकळा होतो. "उभं मारतो, डोक्यावरचं पण मारतो." हे मी कागदावर पहिल्या ओळीत घालते.

उद्घाटन साडेनऊचं होतं. पावणेअकरा वाजलेत आणि पाहुणे यायचेत. तोवर काउंटर सुरू करायचे नाहीत असं ठरलंय, त्यामुळे सहाशे-सातशे मुलं खुर्च्यांवर आणि कडेने उभी आहेत. सकाळी सहाला घर सोडलेल्या माणसाला अकरा वाजेपर्यंत भाषणासाठी बसवून ठेवणं चूक आहे. त्यातल्या कित्येकांना चारच्या आत परतीची गाडी गाठायची आहे. दीप लागतो, भाषणं होतात. नोकरी मागणारे होऊ नका, देणारे व्हा, असं एक वक्ते सांगतात. माझ्या समोरचा सुरगाण्याचा मुलगा शांतपणे ऐकून घेतो. पुढच्या रांगेतली तिघं टाळ्या वाजवतात.

साडेअकराला काउंटर उघडतात आणि गर्दी एकदम भिंतीकडे सरकते.

माझ्या टेबलाच्या शेजारीच मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्याचा काउंटर आहे. तिथे दोघं बसलेत. एक एचआरची तरुण मुलगी, आणि एक पन्नाशीचे सुपरवायझर, खिशाला पेन आणि स्टीलची छोटी पट्टी. मुलगी प्रत्येकाला इंग्रजीत स्वतःबद्दल सांगायला सांगते. 'मायसेल्फ'ने सुरू होणारी तीन वाक्यं येतात, चौथ्याला घसा कोरडा पडतो. पेठ तालुक्यातला एक फिटर तर पहिल्या वाक्यातच अडकतो. कान लाल झालेत त्याचे. मुलगी सौम्यपणे म्हणते, "ठीक आहे, मराठीत सांगा," पण तोवर त्याचं मन त्या खुर्चीतून उठून गेलेलं आहे.

तेव्हा सुपरवायझर बॅगेतून व्हर्नियर काढतात आणि टेबलावर एक गोल पिन ठेवतात. "माप सांग."

आधीच्या पाच-सहा मुलांनी पिन जबड्यात धरून थेट आकडा सांगितला होता. हा तसं करत नाही. तो रुमालाने व्हर्नियरचे जबडे पुसतो. मग पिन बाजूलाच ठेवून जबडे मिटवतो आणि व्हर्नियर खिडकीच्या उजेडाकडे धरून डोळा बारीक करतो.

"सर, याच्यात झिरो एरर आहे."

"किती?"

"प्लस. दुसरी रेघ जुळते. पॉइंट झिरो फोर."

"आता पिन घे."

तो पिन धरतो, वाचतो. "वीस पॉइंट झिरो दोन दिसतंय. त्यातून वजा केलं की एकोणीस पॉइंट अठ्ठ्याण्णव."

सुपरवायझर काही बोलत नाहीत, यादीत त्याच्या नावापुढे खूण करतात. मग मुलीला म्हणतात, "हे व्हर्नियर मी मुद्दाम हेच आणतो." ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचणारं ते साधन आणि त्यातला दोष शोधणारा मुलगा, ज्याच्या कागदावर छंद म्हणून क्रिकेट लिहिलंय. दहा मिनिटांपूर्वी त्याची परीक्षा इंग्रजीच्या एका वाक्यावर संपत आली होती. मुलाखत घेणाऱ्यांना मला एवढंच म्हणायचंय : जे काम करून घ्यायचंय, ते समोर ठेवा. पिनला इंग्रजी लागत नाही.

पण गोष्ट तिथे पूर्ण होत नाही. मुलगी त्याला अटी समजावते. कंत्राटदाराकडून घेणार, सात महिने, मग ब्रेक, मग गरज असेल तर पुन्हा बोलावू. तो मान हलवतो. सात महिनेच का, ते त्याला कुणी सांगत नाही, म्हणून तो माझ्या टेबलाशी आल्यावर मी सांगते. वर्षभरात २४० दिवस भरले की कायद्याने सेवा सलग धरली जाते. मग काढताना नोटीस आणि भरपाईचा प्रश्न येतो. २४० दिवस म्हणजे जेमतेम आठ महिने. म्हणून सात महिन्यांनी ब्रेक. तो ऐकतो आणि विचारतो, "मग या सात महिन्यांचं सर्टिफिकेट देतील ना?" अगदी योग्य प्रश्न आहे. मी म्हणते, आत्ताच जाऊन विचार, आणि पगारपत्रक दर महिन्याला मिळेल का तेही विचार. तो पुन्हा त्या रांगेत जाऊन उभा राहतो.

जेवणाच्या सुट्टीत पोहे आणि चहा वाटला जातोय. चाळिशीची एक बाई, डोक्यावरून पदर, हातात मुलाचा फोल्डर. मुलगा मागे उभा, खाली बघतोय.

"ताई, एक इचारायचं व्हतं. याला कंपनीत परमनंट लावून देतो म्हणतो एक जण. पंचवीस हजार मागू राहिला. देऊ का?"

"देऊ नका."

"पाच दिलेत."

"कोण आहे?"

"आमच्याच गावचा. कंपनीत वळख आहे म्हणतो."

खरा मालक कामाला लावायला पैसे घेत नाही. नोंदणीचे नाहीत, युनिफॉर्मचं डिपॉझिट नाही, ट्रेनिंगची फी नाही. मी तिला सांगते की उरलेले वीस देऊ नका, दिलेल्या पाचाची चिठ्ठी किंवा फोनवरचा मेसेज असेल तर जपून ठेवा, आणि दिलेले परत मागा. नाही दिले तर पोलिसात जाता येतं. "गावात राहायचंय ताई," ती म्हणते. मुलगा आता पहिल्यांदा बोलतो : "आई, मी म्हनलं होतं ना तुला." ती त्याच्याकडे न बघता पदर नीट करते. मुलाचं वय एकवीस आहे, बारावी झालीय, दोन वर्षं पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावलाय. २०२४ ची ती भरती मला आठवते : साडेसतरा हजारांच्या आसपास जागा, सतरा लाखांहून अधिक अर्ज. शंभरात एक. उरलेली नव्व्याण्णव मुलं कुठे जातात, हा प्रश्न त्या बाईच्या पदराला बांधलेल्या पैशांशी येऊन थांबतो. ज्याच्याकडे दुसरं दार नाही, तोच दलालाच्या दारात जातो.

मुलाचा बायोडाटा आम्ही करतो. १६०० मीटर धावण्याची त्याची वेळ तो सांगतो, ती मी लिहिते. अप्रेंटिसच्या दोन काउंटरांवर त्याला पाठवते.

दुपारी दोनला एक उंच, चष्म्याचा मुलगा येतो. इस्त्रीचा शर्ट, बूट. रांगेत इतरांना पुढे जाऊ देत देत तो शेवटी आलाय. लॅपटॉपकडे वाकून हळू आवाजात विचारतो :

"मॅडम, डिग्री लिहू की नको?"

मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन बी.ई. चांगले गुण. दोन वर्षं झाली. कॅम्पसला कुणी आलं नाही. पुण्याला मित्रांच्या खोलीवर राहून वॉक-इनला फिरला. एका ठिकाणी सकाळी सातपासून रांग होती आणि दुपारी बायोडाटा पेटीत टाकून जायला सांगितलं. आज इथल्या काउंटरवर ट्रेनी ऑपरेटरची जागा आहे. 'डिप्लोमा, आयटीआय चालेल, बी.ई. नाही,' असं त्याला तोंडावर सांगितलंय. बी.ई. झालेला दुसरं काही मिळालं की तीन महिन्यांत सोडून जातो, हे त्यांचं कारण. काउंटरवाल्यांच्या बाजूनेही ते खोटं नाही, मी ते होताना पाहिलंय.

"घरच्यांनी बागेवर कर्ज काढलंय माझ्यासाठी," तो म्हणतो. "मला आता पगार पाहिजे. कोणताही."

याचं उत्तर सोपं नाही आणि मी ते सोपं करून सांगत नाही. बायोडाटा हा तुझा कागद आहे. ज्या जागेसाठी तो देतोस, तिला लागू असलेलं पुढे ठेवायचं. डिप्लोमा, त्यातलं मशीन शॉपचं काम, ड्रॉइंग वाचता येणं. पण कंपनीचा छापील अर्ज आला, त्यात संपूर्ण शिक्षण विचारलं आणि खाली सही घेतली, की तिथे खरंच लिहायचं. तिथलं खोटं पुढे कधीही काढून टाकायला निमित्त होतं. तो ऐकून घेतो. मग म्हणतो :

"म्हणजे ती तीन वर्षं झालीच नाहीत, असं धरायचं."

मी काही बोलत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारतावरील अहवालात दोन आकडे आहेत, ते मला पाठ आहेत. २०२२ मध्ये लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेरोजगारीचं प्रमाण ३.४ टक्के, आणि पदवीधर तरुणांत २९.१ टक्के. त्याचं एक कारण उघड आहे. ज्याच्या घरी चूल पेटायची आहे त्याला रिकामं बसणं परवडत नाही, तो मिळेल त्या मजुरीला जातो; शिकलेला थोडे दिवस थांबतो. हा मुलगा आता त्या थांबण्याच्या शेवटाला आलाय. त्याचा बायोडाटा सुधारून नाशिकमध्ये इंजिनियरची एकही जागा वाढणार नाही. नीट लिहा, नीट बोला, स्वतःला सिद्ध करा, असं जे मुलांना रात्रंदिवस सांगितलं जातं, त्यात अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं न सांगितल्याने जागा कमी असण्याचा दोष मुलं स्वतःच्या माथी घेतात. मी त्याला हे शब्दांत सांगते : "तू कमी पडलेला नाहीस. जागा कमी पडल्यात."

तो चष्मा काढून पुसतो. मग आम्ही दोन बायोडाटा करतो. एक डिप्लोमा पुढे असलेला, एक पूर्ण. पूर्ण कागदावर शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आहे : द्राक्षबागेतल्या फवारणी यंत्राच्या नोझलची मांडणी. वडिलांच्या बागेत चाचण्या घेतल्यात, औषध किती वाचलं याच्या नोंदी आहेत. फवारणी यंत्रं बनवणारे छोटे कारखाने याच जिल्ह्यात, पिंपळगाव-दिंडोरीच्या पट्ट्यात आहेत. त्यांच्यापैकी एकही आज मेळाव्यात नाही. ते अशा मेळाव्यांना येत नाहीत, ओळखीतून माणूस घेतात. "त्यांच्या दारात जा," मी म्हणते. "हा कागद आणि त्या नोंदी घेऊन. मालक स्वतः भेटेल अशा वेळी, सकाळी लवकर." तो दोन्ही प्रिंट वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो.

तीन वाजता लासलगावची मुलगी परत येते. तिला निवडलंय, हिशोब सहायक म्हणून. पॅकेज वर्षाला २ लाख ४० हजार. ती खूश आहे, आणि तिने मनात महिन्याचे वीस हजार धरलेत.

आम्ही कागद घेतो. महिन्याला २० हजार हा कंपनीचा एकूण खर्च. मूळ पगार १२ हजार आहे, असं तिच्या ऑफरच्या कागदावर आहे. त्याच्या १२ टक्के म्हणजे १,४४० कंपनीचा पीएफचा वाटा, तो याच २० हजारांत धरलेला. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, ५७७. वार्षिक बोनसचा महिन्याचा हिस्सा ८.३३ टक्के, हजार. पगार २१ हजारांच्या आत म्हणून ईएसआय, त्यात कंपनीचे ३.२५ टक्के. एवढं काढलं की हातात यायच्या आधीचा पगार उरतो साधारण १६,४५०. त्यातून तिचा स्वतःचा पीएफ १,४४० आणि ईएसआयचे ०.७५ टक्के, म्हणजे सव्वाशेच्या आसपास. व्यवसाय कर महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंत बायकांना नाही, तेवढे दोनशे वाचतात. राहिले १४,८८० च्या जवळपास.

मी शीर्षकं सांगतेय, आकडेमोड ती करतेय, कॅल्क्युलेटरशिवाय. माझ्या आधी उत्तर काढते. मग पेन खाली ठेवून म्हणते, "म्हणजे त्यांनी मला भरल्या ट्रॅक्टरचं वजन सांगितलं."

"हो. आणि पीएफ तुझाच आहे, बुडत नाही. पण खोलीचं भाडं त्यातून देता येणार नाही."

लासलगाव ते नाशिक रोज रेल्वेने येणं-जाणं आणि तिथून पुढे रिक्षा, की मुलींच्या वसतिगृहात राहणं, याची बेरीज ती कागदाच्या मागे मांडायला लागते. सोमवारी कागदपत्रं घेऊन बोलावलंय. काय विचारायचं ते आम्ही लिहून काढतो. नाव कंपनीच्या पटावर की एजन्सीच्या? नेमणुकीचं पत्र रुजू होण्याआधी मिळेल का? मार्चअखेरीला रात्री थांबावं लागलं तर घरी सोडायला गाडी आहे का? सुरुवातीच्या सहा महिन्यांनंतर पगार वाढणार असेल तर ते लेखी देणार का? ती विचारते, "एवढं विचारलं तर काढून टाकतील का?" ज्या जागेवर नेमणूकपत्र मागितलं म्हणून काढतात, तिथे न गेलेलं बरं, असं मी म्हणते, पण पहिल्या नोकरीच्या दारात उभ्या असलेल्या मुलीला ते म्हणणं किती जड जातं, तेही मला दिसतंय. तिने ठरवायचंय.

काउंटरवरचे फ्लेक्स उतरायला लागलेत. परतीच्या एसटीची मुलं निघून गेलीत. आता येतात ते शहरातले, ज्यांना घाई नाही. त्यांतले एक गृहस्थ सकाळपासून दोनदा टेबलापर्यंत येऊन मागे फिरलेत, हे माझ्या लक्षात आहे. वय सेहेचाळीस. मुलांच्या रांगेत उभं राहायला संकोच वाटत होता, असं स्वतःच सांगतात.

"एकोणीस वर्षं सीएनसी टर्निंग, ताई. अंबडला. लाइन बंद केली त्यांनी, सहा महिने झाले."

बायोडाटा नाही. अनुभवाचं एकही पत्र नाही. जागा तीच, मशीन तेच, पण कंत्राटदार चार वेळा बदलला; प्रत्येक वेळी कागदावर ते नवे कामगार. पत्र मागितलं की 'तू आमच्याकडे दीडच वर्ष' असं उत्तर. सीएनसी सेटरच्या दोन काउंटरांवर वय पस्तिसच्या आत हवं असं सांगून त्यांना परत पाठवलंय.

"पीएफ कापत होते?"

"कापत होते ना. यूएएन नंबर आहे माझ्याकडे."

मग एकोणीस वर्षं पुसली गेलेली नाहीत. भविष्य निधीच्या संकेतस्थळावर त्यांचा नंबर टाकते, ओटीपी त्यांच्या फोनवर येतो, सेवेचा इतिहास उघडतो. एकाखाली एक आस्थापनांची नावं, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख. ते खुर्ची पुढे ओढून वाचतात. प्रत्येक नावाशी थांबून कोणता मुकादम, कोणतं मशीन, सांगतात. मी तसंच कागदावर उतरवते : कंत्राटदार कुणीही असो, काम एकच, सलग. फॅनक आणि सिमेन्स दोन्ही कंट्रोल. टूल बदलणं, ऑफसेट देणं, पहिला जॉब काढून तपासणं. हाताखाली तयार केलेली मुलं. "ते पण लिहायचं?" ते विचारतात. तेच आधी लिहायचं. वय लपवायचं नाही. वयानेच ते शिकवण्याइतके झालेत.

काउंटर आवरत असलेल्या एका छोट्या वर्कशॉपच्या मालकाकडे मी त्यांना घेऊन जाते. जॉबवर्कची चार मशीन, पोरं टिकत नाहीत, असं तो सकाळपासून सगळ्यांना सांगतोय. तो कागद उभ्यानेच वाचतो, दोन प्रश्न इन्सर्टबद्दल विचारतो, एक फिनिशबद्दल. उत्तरं लगेच आणि नेमकी येतात. "सोमवारी दहाला या. एक जॉब काढून दाखवा. पगाराचं नंतर बोलू." पगाराचं आधीच बोलायला हवं, असं मी म्हणते, तो हसून एक आकडा सांगतो. पूर्वीपेक्षा कमी आहे. गृहस्थ हो म्हणतात.

टेबलाशी परत आल्यावर ते स्क्रीनवरच्या यादीकडे बोट करतात. दुसरं नाव संपतं आणि तिसरं सुरू होतं, त्या दोन तारखांमध्ये चौदा महिने मोकळे आहेत.

"या वेळी मी कामावर होतो. एक दिवस खाडा नाही. पगारातून कापलेत त्यांनी."

"कापलेत पण भरलेले दिसत नाहीत. पगाराच्या चिठ्ठ्या आहेत का?"

"आहेत. बायकोने ठेवल्यात. माळ्यावर पत्र्याच्या पेटीत असतील."

भविष्य निधीचं कार्यालय याच सातपुरात आहे. तक्रार ऑनलाइनही करता येते, पण चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स घेऊन समक्ष गेलेलं बरं. मी अर्जाचा मजकूर टाइप करायला घेते : नाव, नंबर, आस्थापना, महिने. ते एकेक महिना आठवून सांगतात, आणि मधेच थांबून हिशोब करतात.

"सोमवारी दहाला ट्रायल आहे. बारापर्यंत जॉब निघेल. मग इकडे येतो. ताई, चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स दोन काढू की तीन?"